रस्त्यावरचं चित्रीकरण, जप्त झालेला फोन आणि तो सोडवण्याची कागदपत्रं

रस्त्यावरच्या कारवाईचं चित्रीकरण, त्यावरून फोन ठाण्यात जमा होणं, कोर्टातून तो सोडवून घेणं आणि ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज माहितीच्या अधिकारात मिळवणं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२५ या काळात नाशिकमध्ये हे क्रमाने कसं झालं, त्याची ही नोंद. ठाण्याचं किंवा अधिकाऱ्यांचं नाव लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला त्याचा उपयोगही नाही. कलमं, मुदती आणि आवक शिक्का कुठल्याही ठाण्यात तेच असतात.

१६ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी अकराच्या सुमाराला बाजारातल्या एका रस्त्यावर अतिक्रमण हटवण्याची मोहीम आली. हातगाड्या उचलून ट्रकमध्ये टाकणं चालू होतं, बंदोबस्ताला पोलीस होते. माझं चित्रीकरण समोरच्या फुटपाथवरून, मध्ये रस्त्याची अख्खी रुंदी सोडून चाललं होतं. थोड्या वेळाने एक हवालदार रस्ता ओलांडून आले. "ओ दादा, शूटिंग बंद करा. परवानगी आहे का?" फुटपाथवरून चित्रीकरणाला परवानगी लागत नाही, असं सांगितलं. "मग मागं व्हा," म्हणाले. मागच्या दुकानाच्या पायरीपर्यंत सरकलो, कॅमेरा चालूच होता. मिनिटभरात फोन त्यांच्या हातात गेला आणि "चला, साहेबांशीच बोला" म्हणत आम्ही ठाण्याकडे.

या दोन सूचनांतला फरक आधी नीट समजून घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ६८ प्रमाणे पोलिसांनी कर्तव्य बजावताना दिलेल्या वाजवी सूचना पाळाव्याच लागतात. "मागं व्हा", "रस्ता मोकळा करा" या तशा सूचना. त्या मोडल्या तर कलम ६९ खाली ते तुम्हाला धरून बाजूला करू शकतात, वर "अडथळा" या शब्दाला आयता आधार मिळतो. "व्हिडिओ डिलीट करा" ही मात्र या कलमात बसणारी सूचना नव्हे. पहिली लगेच पाळायची, आणि आपण मागे सरकल्याचं त्याच व्हिडिओत दिसू द्यायचं. आणि फोनला हात घातला गेला तर ओढाताण अजिबात करायची नाही. का, ते पुढे येईल.

ठाण्यात पहिला अर्धा तास कलमांची नावं ऐकण्यात गेला. घशाला कोरड पडते, येत असलेलं बोलता येत नाही. त्यामुळे तिथे उच्चारली जाणारी तीन कलमं इथे उलगडून लिहितो. माहीत असली की निम्मी भीती कमी होते.

पहिलं, शासकीय गुपिते अधिनियम, १९२३. "ठाण्यात मोबाईल काढला तर ऑफिशियल सिक्रेट्स लावू" हे वाक्य बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. या कायद्याच्या कलम ३ मध्ये हेरगिरीची शिक्षा आहे. संरक्षणविषयक बाबींत १४ वर्षांपर्यंत, इतर बाबतींत ३ वर्षांपर्यंत. पण ते लागू व्हायला जागा कलम २(८) मधलं "निषिद्ध ठिकाण" असावी लागते आणि त्या व्याख्येत पोलीस ठाणं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं. ठाण्याच्या आत व्हिडिओ काढल्याबद्दल या कायद्याखाली नोंदलेला गुन्हा न्यायालयाने रद्द केला. सप्टेंबर २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठानेही तोच अर्थ लावला. याचा अर्थ ठाण्यात कसंही, कुठेही चित्रीकरण चालतं असा मात्र होत नाही. या दोन निकालांनी फक्त गुपिते कायद्याची धमकी काढून घेतली. धमकावणं, अडथळा, पीडितेची ओळख उघड करणं हे गुन्हे आपापल्या जागी आहेतच.

दुसरं, "तीनशे त्रेपन्न". १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि या कलमाचा क्रमांक १३२ झाला, तरी ठाण्यात बोलताना अजून जुनाच आकडा चालतो. यात लोकसेवकावर हल्ला किंवा फौजदारी बलप्रयोग व्हावा लागतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. हातात फोन धरून उभं राहणं म्हणजे बलप्रयोग नव्हे. पण हवालदारांच्या हातातून फोन हिसकावून घेतला, मनगट धरलं, की त्या क्षणी या कलमाची सोय आपणच करून देतो. ओढाताण नको म्हटलं ते यासाठी.

तिसरं, जुनं १८६, आता २२१: सरकारी कामात अडथळा. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे एनसी. एनसीचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करता येत नाही (कलम १७४), आणि ज्या लोकसेवकाला अडथळा झाला त्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार असल्याशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही (कलम २१५). आमच्या बाबतीत शेवटी नोंदली गेली ती हीच एनसी. फोन सोडवताना वकील मॅडमचा सगळा भर यावर होता: तपासच करता येत नाही, तर तपासासाठी फोन कशाला?

बाकी मूळ मुद्दा सोपा आहे. सार्वजनिक जागेत कर्तव्यावर असलेल्या पोलिसांचं किंवा रस्त्यावरून दिसणाऱ्या सरकारी इमारतीचं चित्रीकरण सरसकट बंद करणारं कलम नाही. संविधानाच्या कलम १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तीच्या हक्कात ते येतं. बंधन घालायचं तर ते १९(२) मधल्या कारणासाठी आणि कायद्यानेच घालावं लागतं. त्यामुळे सरकारी कार्यालयातला "चित्रीकरणास सक्त मनाई" हा फलक पाहिला की त्याच्याखाली कुठल्या कायद्याचं नाव आहे का ते बघा. बहुतेक वेळा नसतं. तरी इमारतीच्या आतल्या शिस्तीचा अधिकार कार्यालयप्रमुखाला असतो. बाहेर व्हा म्हटल्यावर न निघणं म्हणजे प्रकरण अनधिकार प्रवेशाकडे नेणं. आत वाद घालू नका, तोच प्रश्न दहा रुपयांच्या माहिती अर्जात विचारा: "सदर फलक कोणत्या नियमान्वये लावला, त्याची प्रत द्यावी." न्यायालयाच्या आवारात मात्र असला शहाणपणा करायचा नाही.

नाशिककरांनी एक भान जास्तीचं ठेवायला हवं. देवळालीचा तोफखान्याचा परिसर, गांधीनगरचं लष्करी विमानतळ, ओझरला एचएएल आणि हवाई दल या ठिकाणी गुपिते कायदा खरोखर लागू होऊ शकतो. नाशिकरोडची नोटांची आणि मुद्रांकांची दोन्ही मुद्रणालयं आणि मध्यवर्ती कारागृह इथेही भिंतीवर कॅमेरा रोखून उभं राहू नये, मग आपण बाहेरच्या रस्त्यावर का असेना. ड्रोनची गोष्ट तर पूर्ण वेगळी. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय नकाशात लाल, पिवळा, हिरवा विभाग बघितल्याशिवाय ते उडवायचंच नाही, आणि शहराच्या भोवती इतकी लष्करी ठिकाणं असताना "जरा गोदाघाट वरून घेतो" हे वाटतं तितकं साधं नाही. सिंहस्थाच्या कामांचे व्हिडिओ करणाऱ्या मुलांनी हे आधी पाहून घ्यावं.

पुन्हा ठाण्यात. साहेबांचं म्हणणं होतं, लॉक उघडा, व्हिडिओ डिलीट करा आणि जा. ही ऑफर मोहात पाडणारी असते, कारण दहा मिनिटांत सुटका होते. उत्तर एकच दिलं: "साहेब, हा अडथळ्याचा पुरावा आहे असं तुम्हीच म्हणताय, मग तो मी कसा डिलीट करू? आणि पुरावा नसेल तर फोन कशासाठी ठेवताय?" आवाज न चढवता म्हटलं तर याला उत्तर नसतं. पासकोडबद्दल "वकिलांशी बोलून सांगतो" एवढंच. फोनला बोटाचा ठसा किंवा चेहऱ्याचं लॉक असेल तर ते बंद करून आकडी पासकोड ठेवावा. अशा वेळी बोट धरून लावणं फार सोपं असतं. क्लाऊडवर आपोआप बॅकअप चालू असेल तर निम्मी चिंता मिटते, फक्त "वायफाय असेल तरच" ही सेटिंग काढून टाका. रस्त्यावर वायफाय कुठलं?

मग "फोन राहू द्या, उद्या या" असं झालं. कागदाशिवाय बाहेर पडायचं नाही ती वेळ हीच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस वस्तू जप्त करू शकतात, पण जप्तीचा अहवाल ताबडतोब दंडाधिकाऱ्यांना द्यावा लागतो. कलम १०५ तर आणखी पुढे जातं: जप्तीची प्रक्रिया, यादी करणं, साक्षीदारांच्या सह्या, या सगळ्याचं दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक आहे, आणि ते शक्यतो मोबाईलवरच करावं असं कलमातच लिहिलंय. चित्रीकरण केलं म्हणून फोन घेतला, तर तो घेण्याचं चित्रीकरण पोलिसांना करावं लागतं! हे कलम नाव घेऊन विचारलं तेव्हा कुठे पंच बोलावले गेले. दुपारचे साडेतीन वाजून गेले होते.

पंचनामा होताना नजर कागदावर ठेवा. मॉडेल, रंग, दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक), सिम किती, मेमरी कार्ड आहे की नाही, काचेला तडा आहे का, हे सगळं लिहून घ्यायला लावा. आयएमईआय *#०६# दाबून मिळतो. तो आणि फोनचं बिल आधीच कुठेतरी जपून ठेवलेलं बरं. फोन आपल्यासमोर बंद करून मगच पाकिटात जाऊ द्यायचा. खाकी पाकीट, तोंडाला दोरा, गाठीवर लाखेचं सील, आणि पंचांच्या सह्यांची कागदी चिठ्ठी अशी चिकटवायची की पाकीट उघडलं तर ती फाटेलच. आमच्या चिठ्ठीवर तारीख होती, वेळ नव्हती, सांगितल्यावर घातली. मुद्देमाल नोंदवहीतला क्रमांक वहीत उतरवून घेतला, पंचनाम्याची आणि एनसीची प्रत घेतली. या क्रमांकाशिवाय पुढे कोर्टात पानही हलत नाही.

दुसऱ्या दिवशीची पहिली कामं कायद्याची नव्हती. डुप्लिकेट सिम काढलं; नवं सिम सुरू झाल्यावर चोवीस तास एसएमएस बंद असतात, त्यामुळे ओटीपी लागणारी बँकेची कामं त्या दिवशी विसरायची. मग दोन पत्रं. एक वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना: फोन परत मिळावा, आणि जप्तीचा अहवाल कोणत्या न्यायालयाला पाठवला ते कळवावं. दुसरं पत्र जास्त घाईचं, सीसीटीव्ही जतन करण्याविषयी. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, हार्डडिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, आणि माहिती अर्जाचे तीस दिवस होईपर्यंत हवं ते फुटेज पुसलं गेलेलं असू शकतं. म्हणून आधी जतन करा म्हणायचं, मग मागायचं.

जतनाच्या पत्राला आधार परमवीर सिंग सैनी प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या निकालाचा. प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, मुख्य गेट, लॉकअप, व्हरांडा, स्वागतकक्ष, निरीक्षकांची खोली, ठाणे अंमलदाराची जागा, मागची बाजू, एवढ्या ठिकाणी कॅमेरे हवेत. रात्री दिसणारे आणि आवाजासह. साठवण अठरा महिन्यांची, तेवढी यंत्रणा बाजारात मिळत नसेल तर जास्तीत जास्त, पण एक वर्षापेक्षा कमी नाही. देखभालीची जबाबदारी ठाणे प्रमुखाची. योगायोगाने त्याच सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या कोठडी मृत्यूंच्या बातमीवरून ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घेतली होती, त्यामुळे या निकालाचं नाव ठाण्यात नवखं नव्हतं. पत्रात तारीख, वेळ (सकाळी ११:१५ ते सायंकाळी ५) आणि कॅमेऱ्यांच्या जागा लिहिल्या. "संपूर्ण फुटेज" असं मोघम मागू नका.

पत्र हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि सही घ्यायची. "साहेब नाहीत, नंतर या" असं ऐकू आलं तर हुज्जत न घालता सरळ पोस्टात जायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय; स्पीड पोस्ट करताना पोच हवी असं सांगून वेगळं शुल्क भरा, नाहीतर नुसतं ऑनलाइन ट्रॅकिंग हातात राहतं. एक प्रत पोलीस आयुक्तालयाला ईमेलने. शहराच्या हद्दीत वरिष्ठ निरीक्षक, सहायक आयुक्त, उपायुक्त, आयुक्त अशी चढण आहे. घटना त्र्यंबकेश्वर, सिन्नर, इगतपुरीकडची असेल तर नाशिक ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. हा पत्ता चुकला तर कागद या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत राहतो.

कोर्टातला अर्ज नवरात्रात, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात दाखल झाला. त्याला साध्या भाषेत "मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज" म्हणतात. वस्तू न्यायालयापुढे हजर झालेली असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७, नसेल तर ५०३. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ४५१ आणि ४५७. सोबत फोनचं बिल, आयएमईआय दिसणाऱ्या खोक्याचा फोटो, आधार, पंचनाम्याची आणि एनसीची प्रत. बिल हरवलं असेल तर ऑनलाइन खरेदीच्या खात्यातून पुन्हा काढता येतं. दुकानातून घेतलेला असेल तर दुकानदाराकडून जीएसटी बिलाची दुसरी प्रत. मालकी प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागली. इथे एक खर्च वाचतो: न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. बाहेर बसलेले टायपिस्ट "पाचशेचा बाँड आणा" सांगतात तेव्हा वकिलांना विचारल्याशिवाय पैसे काढू नका. आमचा खर्च: वकिलांची फी पाच हजार, वकालतनामा, कोर्ट फी, टायपिंग आणि झेरॉक्स मिळून चारशेच्या आत. फी झेपत नसेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो, इतरांना वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर.

अर्ज दिला की न्यायालय पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं "म्हणणं" मागवतं. सगळा वेळ इथे जातो. तपासी अंमलदार बंदोबस्तात असतात, नवरात्र, दसरा, पुन्हा तारीख. ई-कोर्ट्स ॲपमध्ये सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाकून ठेवला की पुढची तारीख घरी दिसते, नुसतं विचारायला जावं लागत नाही. म्हणणं आलं ते दोन ओळींचं: तपास बाकी आहे, फोन परत दिल्यास पुराव्यात छेडछाड होईल. त्यावर दोन मुद्दे मांडले गेले. एक, अदखलपात्र गुन्ह्यात तपासाचा आदेश कुठे आहे? दुसरा, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य, हा २००२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. ठाण्यात वस्तू विनाकारण पडून राहू नयेत, पंचनामा आणि फोटो काढून, बंधपत्र घेऊन लवकर परत द्याव्यात, पंधरा दिवस ते महिना यापेक्षा जास्त ठेवण्याची गरज नाही, असं त्यात म्हटलंय. गाडी सोडवायला हा निकाल रोज वापरला जातो. फोनलाही तो तसाच लागू पडतो.

१० ऑक्टोबरला आदेश झाला, दिवाळीच्या सुट्टीच्या आधी. अटी नेहमीच्या: फोनच्या किमतीचं बंधपत्र, विकायचा नाही, त्यातला डेटा बदलायचा नाही, मागितल्यावर हजर करायचा. आदेशाची प्रत घेऊन मुद्देमाल कारकुनांकडे. पाकीट उघडण्याआधी सील आणि चिठ्ठी शाबूत असल्याचा फोटो काढून घेतला. त्याला कोणी हरकत घेतली नाही. फोन तिथेच चालू करून व्हिडिओ आहे का ते पाहिलं, मग पावतीवर सही. महिनाभर बंद असलेल्या फोनची बॅटरी पार उतरलेली असते, पॉवरबँक जवळ असू द्या. चालू झाला नाही म्हणून पाहता आलं नाही, आणि सही करून मोकळे, असं नको.

आता फुटेज. माहिती अर्ज २२ सप्टेंबरलाच दिला होता. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे जोडपत्र "अ", दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा. कारण द्यायची गरज नाही, माहिती अधिकार अधिनियमाचं कलम ६(२). पुढची कलमंही याच कायद्याची. मजकूर साधारण असा ठेवला:

"दि. १६/०९/२०२५ रोजी सकाळी ११:१५ ते सायं. ५:०० या वेळेतील, आपल्या पोलीस ठाण्याचे मुख्य गेट व ठाणे अंमलदार कक्ष येथील सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे दृक्‌श्राव्य फुटेज पेनड्राइव्हवर मिळावे. त्रयस्थ व्यक्ती दिसत असल्यास कलम १० नुसार तो भाग वगळून किंवा चेहरे अस्पष्ट करून द्यावे. सदर फुटेज जतन करण्याबाबत दि. १७/०९/२०२५ रोजी पत्र दिले आहे, प्रत सोबत."

शेवटची दोन वाक्यं या अर्जाचा कणा आहेत. पहिल्यामुळे "खासगीपणाचा भंग होतो" या नकाराला आधीच उत्तर मिळतं. दुसऱ्यामुळे "फुटेज उपलब्ध नाही" असं लिहिणं अवघड होतं. पत्र मिळूनही ते पुसलं कसं, हा प्रश्न मग त्यांच्या गळ्यात पडतो. आणि प्रश्नार्थक काही विचारू नका. "फोन का घेतला?" ही कायद्याच्या व्याख्येतली माहिती नव्हे, ती फेटाळली जाते आणि तिच्या आडून बाकीचंही जातं.

१७ ऑक्टोबरच्या पत्राने नकार आला: कलम ८(१)(ज), तपासात अडथळा. नकाराच्या पत्रात कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील असावा लागतो, कलम ७(८). कारण म्हणून फक्त कलमाचा आकडा होता. पहिलं अपील तीस दिवसांत, जोडपत्र "ब", वीस रुपयांचा स्टँप. दिवाळी उरकून ३ नोव्हेंबरला दिलं. त्यात तीन मुद्दे पुरले. नुसता तपास चालू आहे एवढ्यावर माहिती नाकारता येत नाही, ती दिल्याने अडथळा कसा होईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात म्हटलंय. नकार योग्य असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती अधिकाऱ्याची आहे, कलम १९(५). आणि मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाने परत मिळालाय. आदेशाची प्रत जोडली.

सुनावणी २७ नोव्हेंबरला झाली, दहा मिनिटांत संपली. अपिलीय अधिकाऱ्यांनी फुटेज द्यायला सांगितलं, लेखी आदेश डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. कोरा, पॅकबंद पेनड्राइव्ह आपण न्यावा. वापरलेला असेल तर संगणकात घालायला नकार मिळतो आणि एक फेरी फुकट जाते. मिळालेल्या फाइलींत गेटच्या कॅमेऱ्यात सकाळी ११:३४ ला हवालदारांच्या हातात फोन स्पष्ट दिसतो. पंचनाम्यात जप्तीची वेळ दुपारी ३:५० आहे. मधल्या चार तासांहून जास्त काळ फोन कुठल्या नोंदीवर होता, हे कुठल्याच कागदात नाही. लेखी तक्रारीत आता हाच एक मुद्दा ठेवला आहे. वागणूक, आवाज, अपमान यांची जंत्री देण्यापेक्षा दोन वेळांमधला हा फरक पुरेसा बोलका आहे. आयुक्तालयाकडून समाधान झालं नाही तर २०१४ च्या दुरुस्तीने पोलीस अधिनियमात आलेल्या पोलीस तक्रार प्राधिकरणाचा मार्ग आहे.

रस्त्यावरचा व्हिडिओ आणि हे फुटेज कधी कोर्टात वापरायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ ब. ते का लागतं याचा धडा आपल्याच राज्यातला आहे: जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर लढला गेला आणि २०२० मध्ये खोतकर–गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं सांगितलं. मूळ उपकरणाचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून ते हजर करत असेल तर गोष्ट वेगळी. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, "अ" आपण भरायचा, "ब" तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश किंमत लिहावी लागते, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा, फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा. विंडोजमध्ये "सर्टयुटिल" आज्ञेने एसएचए-२५६ हॅश निघते. फोनमधून केबलने मूळ फाइल संगणकावर घेतल्या घेतल्या ती काढून तारखेसह लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते, तिची हॅश जुळत नाही. बंधपत्रात डेटा न बदलण्याची अट आहे, त्यामुळे फोनमधली मूळ फाइल कापायची, फिरवायची, तिचं नावही बदलायचं नाही. लोकांना दाखवायची प्रत वेगळी, आणि तिच्यात हातगाडीवाल्या बायका-मुलांचे चेहरे अस्पष्ट केलेले.

मिळालेल्या फुटेजला आवाज नाही. आदेशात "दृक्‌श्राव्य" शब्द आहे, दिलेल्या फाइली मुक्या आहेत, आणि आवाज का नाही याचं लेखी उत्तर मिळालेलं नाही. दुसऱ्या अपिलाला पहिल्या अपिलाच्या निर्णयापासून नव्वद दिवस असतात. ते राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे, जोडपत्र "क" मध्ये, पुन्हा वीस रुपयांच्या स्टँपसह जातं. सोबत मूळ अर्ज, नकार, पहिलं अपील, त्याचा आदेश आणि जतनाचं आवक शिक्क्याचं पत्र, सगळं क्रमांक घालून. मसुदा तयार आहे, मार्चच्या आत दाखल होईल.